गोचीड ताप: कुत्र्याच्या रक्तातला छुपा जिवाणू

कुत्र्याच्या कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यांत रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड दिसली, की तिच्यासोबत काय आलं असेल, याचाही विचार करायला हवा. तपकिरी गोचीड 'एर्लिकिया कॅनिस' हा जिवाणू वाहते. 1935 मध्ये अल्जीरियात त्याचा प्रथम शोध लागला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचे शेकडो कुत्रे याच आजाराने दगावले.

हा जिवाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरतो. चावल्यानंतर साधारण 1 ते 3 आठवड्यांत ताप येतो, कुत्रा अन्नाला तोंड लावत नाही, प्लेटलेट घटतात. मग काही दिवसांत तो बरा दिसू लागतो आणि घरचे निर्धास्त होतात. खरा धोका इथेच आहे: जिवाणू महिनोन्‌महिने शरीरात दडून राहू शकतो आणि पुढे नाकातून रक्त येण्यापर्यंत मजल जाते.

वेळीच निदान झालं तर डॉक्सिसायक्लीन गुणकारी ठरतं. पण कोर्स साधारण 4 आठवड्यांचा असतो, तो मध्येच सोडू नये.

गोचीड बोटांनी चिरडू नका, तिच्यावर रॉकेलही ओतू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. एक मादी हजारो अंडी घालते, तीही भिंतींच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत. म्हणून कुत्र्यासोबत घराचीही सफाई हवी. हीच गोचीड माणसाला 'इंडियन टिक टायफस' देऊ शकते. घरात गोचिडी असताना कुणाला ताप, अंगावर पुरळ आलं, तर डॉक्टरांना गोचिडींबद्दल आवर्जून सांगा.