चाळीस किलोची पोर वजन उचलते तेव्हा

"पोरगी चाळीस किलोची, ती काय वजन उचलणार?" असं आपल्या घरांत सहज म्हटलं जातं. वेटलिफ्टिंग म्हटलं की डोळ्यांपुढे आडदांड पुरुष येतो. शिरोली एमआयडीसीच्या आसपास तर ओझं म्हणजे फौंड्रीतलं लोखंड, आणि ते उचलणारे बापे. पण इथून तास-दीड तासावरच्या सांगलीतली काजोल सरगर जून 2022 मध्ये पंचकुल्याच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत मुलींच्या 40 किलो गटात उतरली आणि एकूण 113 किलो उचलून सुवर्णपदक घेऊन आली. तिच्या वडिलांची सांगलीत पानटपरी आणि चहाची गाडी. पुढच्याच महिन्यात, 30 जुलैला, तिचा भाऊ संकेत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 248 किलो उचलून रौप्यपदकाचा मानकरी ठरला. सुवर्ण हुकलं ते एका किलोनं.

त्याच दिवशी, त्याच स्पर्धेत मणिपूरच्या मीराबाई चानूनं महिलांच्या 49 किलो गटात 201 किलो उचलून सुवर्ण घेतलं. त्याआधी टोकियो ऑलिम्पिकमध्ये 202 किलोला तिला रौप्य मिळालं होतं. तिथं तिनं एका खेपेत 115 किलो डोक्यावर नेले. घरातली गॅसची भरलेली टाकी साधारण 30 किलोची असते, म्हणजे जवळजवळ चार टाक्या झाल्या. आणि बाई स्वतः पन्नास किलोचीही नाही.

हलका गट म्हणजे कमजोरांचा गट नव्हे. समान वजनाच्या खेळाडूंत सामना व्हावा म्हणून हे गट असतात. प्रकार दोन. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका झेपेत डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर घ्यायचा, मग वर. प्रत्येकी तीन संधी, आणि दोन्हींतल्या सर्वांत चांगल्या उचलीची बेरीज. महिलांचा नुसता बारच 15 किलोचा असतो. हे वजन दंडांवर उचललं जात नाही. जोर मांड्यांतून आणि कमरेखालून येतो, पाठ ताठ राहते, बार अंगाला लगटून वर जातो. पाण्याची घागर किंवा सिमेंटची गोणी उचलतानाही हेच लागू आहे. आपल्या बायका कमरेतून वाकून, ओझं अंगापासून लांब धरून उचलतात, आणि मग चाळिशीत कंबर धरते. गुडघे वाकवा, ओझं पोटाजवळ घ्या, उचलताना अंग पिळू नका.

आता खरी गोष्ट. 7 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मीराबाईनं 199 किलो उचलले आणि ती चौथी आली. कांस्यपदक 200 किलोला गेलं. पाळीचा तिसरा दिवस होता, अंगात अशक्तपणा वाटत होता, असं ती नंतर उघडपणे म्हणाली. पदक त्यामुळेच गेलं असं कुणी म्हणू शकणार नाही. पण एवढ्या मोठ्या खेळाडूनं हे न लाजता सांगितलं, हे मला पदकाइतकंच मोलाचं वाटतं. आपल्याकडे मुलगी शाळेतून लवकर आली तर "पोट दुखतंय" एवढंच सांगते.

या अशक्तपणाच्या मागे पुष्कळदा रक्तक्षय असतो. पाहणी सांगते की महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, 54 टक्के बायकांच्या रक्तात लोह कमी पडतं, असं नाही म्हणता आलं तरी रक्त कमी आहे हे नक्की. हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो. दम लागतो, पाय भरून येतात, अभ्यासात लक्ष लागत नाही. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोहाची आहे. ती दप्तरात पडून राहू देऊ नका. जेवणात अंडं, काळीज, सुकट, मटकी, हुलगे असू द्या, वरून लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा मात्र नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं मुलीच्या ताटात, ही पद्धत आधी मोडा. तिला वाढीसाठी आणि पाळीत जाणाऱ्या रक्तासाठी लागतं, आणि ती खेळत असेल तर आणखी लागतं.

गटात बसण्यासाठी मुलीला उपाशी ठेवणं हा दुसरा धोका. सामन्याच्या दोन तास आधी वजन होतं, म्हणून काहीजण पाणी तोडतात, घाम काढतात. वाढत्या वयाच्या मुलीला हे अजिबात करू देऊ नका. खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर ती "सवय" नव्हे. अन्न कमी पडत असल्याची खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

वजन उचलल्यानं उंची खुंटते, गर्भपिशवी खाली येते, अशी भीती आया घालतात. प्रशिक्षकाच्या नजरेखाली, हलक्या वजनापासून शिकलेल्या मुलीची उंची त्यानं खुंटत नाही. पोटभर न मिळाल्यानं खुंटते. बाळंतीण बाईनं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड उचलू नये, मग ती घागर का असेना. जोर लावताना लघवीचा थेंब निघत असेल तर तेही सांगावं, त्यावर व्यायाम आहेत.

आपल्या जिल्ह्यात कुरुंदवाडनं हा खेळ मोठा केला. 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी यांनी कांस्यपदकं आणली. मुलीला व्यायामशाळेत घालायचं असेल तर आधी एकदा स्वतः जाऊन पाहा. मुलींसाठी वेगळा संडास आहे का, पहिले काही महिने रिकामा बार किंवा काठी देऊनच शिकवतात का, पाळीच्या दिवसांत "आज हलकं करते" म्हटल्यावर प्रशिक्षक ऐकतो का, हे विचारा. आणि पहिल्या दिवशी वजनकाट्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.