वाकळीचा धांवदोरा

पुण्यामुंबईच्या घरांत जिला गोधडी म्हणतात, तिला आमच्या वाईकडे वाकळ असें नांव आहे. जुनेर झालेलीं सुती लुगडीं, धोतरें, सदऱ्यांच्या पाठी, परकरांचे घेर एकावर एक पसरून सुईदोऱ्यानें एकजीव केले म्हणजे वाकळ होते. पौष-माघांतली कृष्णाकांठची थंडी ज्यांनीं अनुभवली आहे त्यांस तिच्या उबेची थोरवी सांगावयास नको. आज मला तिच्या टांक्याविषयीं बोलावयाचें आहे. चिंध्यांची हातशिलाई मनास स्वस्थता देते असें अलीकडे शहरांत पुष्कळ सांगितलें जातें. ती कां देते, हें मात्र क्वचितच कोणी सांगतो.

अमेरिकेंतील स्त्रिया ठिगळांच्या रजया लांकडी चौकटीवर ताणून शिवीत आल्या आहेत. आमच्याकडे ओसरीची जमीन हीच चौकट. सर्वांत धड लुगडें खालीं अंथरावयाचें. त्यावर विरलेले तुकडे असे मांडावयाचे कीं एकाचें भोंक दुसऱ्यानें झांकलें जावें. आणि वर रंगीत ठिगळें. कडा आंत दुमडून लांब लांब कच्चे टांके घातले कीं शिवणारी थेट वाकळीवरच बसते. तिच्या भारानेंच थर जागचे हलत नाहींत. मग कडेपासून धांवदोरा सुरू होतो. बाहेरच्या चौकोनाच्या आंत दुसरा, त्याच्या आंत तिसरा, असा तो मध्यापर्यंत जातो.

ह्या रीतींत एक मेख आहे. कडेकडून आंत येतांना कापडाचा फुगवटा मध्याकडे ढकलला जातो. तो थोडा थोडा वांटून घेतला नाहीं तर शेवटीं मधोमध घोळ जमतो, आणि शिवण उसवल्यावांचून तो निघत नाहीं. म्हणून ओळ वीतभर पुढें सरकली कीं तळहातानें कापड सारखें करावयाचें आणि दोऱ्याचा ताण पाहावयाचा. ताण जास्त झाला तर चुण्या पडतात; कमी झाला तर धुण्यांत आंतले तुकडे गोळा होतात. हा ताण डोळ्यांनीं मोजतां येत नाहीं. तो बोटांना कळतो, आणि बोटें घाईंत असलीं कीं त्यांनाहि कळत नाहीं. मन टांक्यावर ठरतें तें ह्याच कारणानें. त्यासाठीं निराळी साधना करावी लागत नाहीं.

मास्तरकीची खोड म्हणा, पण एकदां मीं हिशेब मांडला. ७ फूट लांब व ५ फूट रुंद वाकळ घ्या. ओळींत अर्ध्या इंचाचें अंतर धरलें तर एकूण शिवण २८० वार भरते, म्हणजे ३१ नऊवारी लुगडीं टोकास टोक लावून ठेवल्याइतकी. इंचास ३ टांके धरले तर ३०,००० टांके झाले. मिनिटास १० टांके ह्या चालीनें ५० तास. रोज दुपारीं २ तास मिळाले तर २५ दिवस.

हे दोन तास येत कोठून? जुन्या घरांत स्त्रीनें रिकामें बसणें दोषास्पद मानीत. वाकळ पुढ्यांत असली म्हणजे मात्र तिला बसतां येई, शेजारणीस हांक मारतां येई. चार बाजूंस चौघी बसत, आणि सासरचें जें घरांत बोलतां येत नसे तें तेथें बोललें जाई. काम गरजेचें होतें, हौसेचें नव्हतें. दारिद्र्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतु नाहीं. पण त्या दुपारींवर तिचा हक्क होता, आणि तो ह्या चिंध्यांनीं तिला मिळवून दिला होता. तुकडा कोणाच्या अंगावरचा, हेंहि सर्वांस ठाऊक असे. आजेसासूबाईंच्या इरकली लुगड्याचा कांठ पणतवाच्या दुपट्यास लागे.

चिंध्या जोडण्याची ही कला फार जुनी आहे. संस्कृतांत तिला कंथा म्हणत. बंगालची कांथा त्याच कुळांतली. मगधांतल्या बांध घातलेल्या शेतांसारखें तुकड्यांचें चीवर शिवावें, असें बुद्धानें आनंदास सुचविल्याची कथा विनयपिटकांत आहे. उत्तर कानडा जिल्ह्यांत, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. तीहि कडेकडूनच आंत येते.

सुती लुगडें आतां मागें पडलें. नायलॉनच्या साड्यांची वाकळ हलकी व देखणी होते, परंतु ती घाम शोषीत नाहीं आणि तिचे थर एकमेकांवर घसरतात. यंत्रावर शिवलेल्या गोधड्या विकत मिळतात. घ्यावयाचीच झाली तर ओळींतील अंतर बोटानें मोजून घ्यावी. चार चार बोटें सोडून टीप मारलेली असेल तर ती फार दिवस टिकावयाची नाहीं.

ज्यांस स्वतः करून पाहावयाचें असेल त्यांनीं ७ फुटांची वाकळ आरंभीं घेऊं नये. तान्ह्या मुलाचें दुपटें पुरे. कापड सुती, वापरून मऊ झालेलें आणि स्वच्छ धुतलेलें असावें. तीन थर पुष्कळ झाले. दोरा हातभराहून लांब ओंवूं नये. पुनःपुन्हां सुई ओंवण्याचा कंटाळा येऊन लांब दोरा घेतला कीं तो गुंततो, आणि गुंता सोडविण्यांत वांचविलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ जातो.