दगडावरचे नाव

भामरागडच्या रानात वाटेच्या कडेला उभे दगड दिसतात. माडिया लोक आपल्या मृतांसाठी ते उभारतात. त्यांवर अक्षर नसते. पण कोणता दगड कोणाचा, हे गोताला ठाऊक असते. सैनिकाची स्मृती मात्र सरकार जपते, आणि सरकारी स्मृती अक्षरावर चालते. म्हणून कोणाचे नाव कोरले गेले आणि कोणाचे वगळले गेले, हे आपण तपासले पाहिजे.

पुण्याजवळ खडकीला सैनिकांची मोठी दफनभूमी आहे. पश्चिम व मध्य भारतातील ज्या कबरींच्या कायम देखभालीची शाश्वती नव्हती, त्या दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे हलविण्यात आल्या. त्या युद्धातील १,६६८ सैनिक तेथे आहेत. पहिल्या महायुद्धकाळात भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक जणांची नावे तेथील स्मारकावर आहेत. पैकी ६२९ जणांचे अवशेष १९६२ साली मुंबईच्या शिवडीहून आणले. या सर्व व्यवस्थेमागचे तत्त्व १९१८ साली ठरले: अधिकारी असो वा शिपाई, दगड सारखाच.

तत्त्व थोर, आचरण मात्र वेगळे. १९२९ साली बसऱ्याला स्मारक झाले, तेव्हा हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार नुसती संख्या! मृतांच्या स्मरणात असा भेद झाल्याचे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ साली मान्य केले. त्याआधी शंभर वर्षे उभारलेल्या कोरेगावच्या स्तंभावर मात्र शिपायांची नावे आहेत. ४९ पैकी २२ महारांची. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले. ती नावे नसती, तर समाजाने आपला इतिहास कोणत्या पुराव्यावर सांगितला असता?

शिवाय हा समान दगडही युद्धकाळात सेवेत मेलेल्यांसाठीच. १९१७ साली उभारलेली १११ वी महार पलटण युद्धानंतर मोडली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. तिची दुसरी पलटण आपल्या कामठीची. जे जगून गावी परतले, त्यांच्या वाट्याला दगड आला नाही. गावात तर मसणवटाही जातीचा!

चंद्रपूर-गडचिरोलीच्या कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी हे काम हाती घ्यावे. घरोघरच्या पेट्यांत पेन्शनची पुस्तके, सुटीचे दाखले, पदके असतील. वाळवी लागण्याआधी ती नावे वहीत उतरवा. दगड नंतरही उभारता येतो. नाव हरवले, की त्यावर कोरायचे काय?