तोट्यात विकायचे, तरी का विकायचे?

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारातली एक हिशेबपट्टी देशभर गाजली. जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकायला आणला होता. भाव मिळाला किलोला १ रुपया. गाडीभाडे, हमाली आणि तोलाई वजा जाता त्याच्या नावावर उरले २ रुपये ४९ पैसे. व्यापाऱ्याने धनादेश दिला २ रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. बातमी वाचणाऱ्या प्रत्येकाला संताप आला, आणि तो रास्त होता.

संताप ओसरल्यावर मात्र एक प्रश्न उरतो. बियाणे, लागवड, खत, औषध, पाणी यांवर इतका पैसा घातल्यावर कोणी १ रुपया किलोने कांदा विकतोच कशाला? त्याच हंगामात नाशिक जिल्ह्यात काही शेतकऱ्यांनी उभ्या कांद्यात रोटाव्हेटर फिरवला. एकाने मातीमोल भावाने माल विकला, दुसऱ्याने तो मातीतच गाडला. यातला चुकला कोण? अर्थशास्त्राचे उत्तर असे, की हिशेबात कोणीच चुकले नाही. ते उत्तर नीट समजले, तर भाव आणि खर्च यांच्या नात्याबद्दलचे आपले बरेच गैरसमज गळून पडतात.

गेलेला पैसा, जाणारा पैसा

आकडे सोपे धरू. समजा, कांदा काढणीला येईपर्यंत किलोमागे ८ रुपये खर्च झाले आहेत. आता काढणी, पात कापणे, प्रतवारी, गोण्या आणि बाजारापर्यंतचे भाडे मिळून आणखी ३ रुपये लागणार आहेत. एकूण उत्पादन खर्च ११ रुपये. बाजारात भाव आहे ५ रुपये. काय करावे?

माल नेला तर किलोमागे ६ रुपयांचा तोटा. ‘इतक्या तोट्यात कोण विकेल!’ असे म्हणून पीक शेतात सोडले, तर तोटा ८ रुपयांचा. कारण ते ८ रुपये काहीही केले तरी परत येणार नाहीत. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. निर्णय घेताना तो मोजायचाच नसतो. मोजायचा तो फक्त पुढे होणारा खर्च. ५ रुपये हे ३ रुपयांपेक्षा जास्त आहेत, म्हणून कांदा काढायचा. भाव २ रुपयांवर आला, तर काढणे म्हणजे किलोमागे आणखी १ रुपया घालवणे. तेव्हा रोटाव्हेटर फिरवलेला बरा. निदान पुढच्या पिकासाठी रान तरी लवकर मोकळे होते.

म्हणजे पेरणीच्या आधी शेतकऱ्याला किमान ११ रुपयांची खात्री हवी असते. पीक उभे असताना ३ रुपयेही पुरतात. कांदा काढून गोण्यांत भरला, की फक्त भाड्यापुरता आणि हमाली-तोलाईपुरता भाव मिळाला तरी तो नेणे परवडते. आणि बाजार समितीच्या आवारात गाडी उभी राहिली, की जातानाचे भाडेही बुडीत खात्यात जमा होते. तिथे लिलावाची बोली नाकारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे, पण माल परत न्यायचा तर भाडे पुन्हा भरावे लागणार. माल शेतापासून जसजसा पुढे सरकतो, तसतसा विकणाऱ्याचा किमान भाव खाली घसरत जातो. सोलापूरच्या त्या पट्टीत शेवटच्या टप्प्याचा खर्च जेमतेम वसूल झाला होता, आणि वर उरले होते २ रुपये ४९ पैसे.

बुडीत खर्च विसरणे माणसाला जड जाते. हॅल आर्केस आणि कॅथरीन ब्लुमर या संशोधकांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाटकांच्या हंगामाची तिकिटे त्यांनी काही जणांना पूर्ण किमतीला, तर काहींना सवलतीत मिळतील अशी व्यवस्था केली. नाटके तीच, पण पूर्ण पैसे मोजलेले लोक हंगामाच्या पहिल्या सहामाहीत अधिक नाटकांना गेले. गेलेला पैसा त्यांना ओढून नेत होता. पडेल भावात कांदा विकणारा शेतकरी या बाबतीत त्या प्रेक्षकांपेक्षा अधिक हिशेबी ठरतो.

भाव सांगणारे आणि भाव घेणारे

चौकातल्या हॉटेलात मिसळीचा भाव मालक ठरवतो. पाच रुपये वाढवले तर काही गिऱ्हाईक तुटेल, सगळे तुटणार नाही. कारण त्याची तर्री शेजारच्याकडे मिळत नाही. मालाला जेवढे वेगळेपण, तेवढी भाव ठरवण्याची मोकळीक.

कांद्याला ही सोय नाही. लासलगावच्या आवारात शेकडो वाहने उभी असतात आणि एका प्रतीचा माल दुसऱ्या गाडीतल्या त्याच प्रतीच्या मालासारखाच असतो. एकाने दोन रुपये जास्त मागितले, तर व्यापारी पुढच्या गाडीकडे वळतो. एकाने माल आणलाच नाही, तरी बाजाराला पत्ता लागत नाही. असा विक्रेता भाव ठरवत नाही, समोर येईल तो भाव घेतो. त्याच्या हाती उरतात दोनच निर्णय: किती पिकवायचे आणि केव्हा विकायचे.

पाठ्यपुस्तकातल्या पूर्ण स्पर्धेत मात्र खरेदीदारही असंख्य असतात. आपल्या बाजार समित्यांत तसे चित्र नाही. भारतीय स्पर्धा आयोगासाठी २०१२ मध्ये बंगळूरच्या एका संशोधन संस्थेने कांदा बाजारांचा अभ्यास केला, तेव्हा मोजक्या व्यापाऱ्यांच्या हाती एकवटलेल्या खरेदीवर त्यात बोट ठेवले गेले. विकणारे हजारो आणि घेणारे थोडे, त्यात गाडीभाडे आधीच बुडालेले. अशा लिलावात कोणाचे पारडे जड राहणार, हे सांगायला नको.

मार्शलचे उत्तर

भाव खर्चाने ठरतो की मागणीने, हा एकोणिसाव्या शतकातल्या अर्थशास्त्रज्ञांचा जुना वाद. १८९० मध्ये केंब्रिजच्या आल्फ्रेड मार्शलने त्याला उत्तर दिले: कात्रीचे वरचे पाते कागद कापते की खालचे, असे विचारण्यासारखेच हे आहे. दोन्ही पाती लागतात. मात्र कोणत्या पात्याचा जोर जास्त, हे किती काळाचा विचार करतो आहोत यावर अवलंबून असते.

आजच्या बाजारात आलेला नाशवंत माल वाढवता येत नाही आणि ठेवताही येत नाही. तिथे भाव मागणी ठरवते. खर्च किती झाला, याला विचारतो कोण? एका हंगामाच्या मुदतीत थोडी हालचाल शक्य असते: काढणी लांबवता येते, दूरच्या बाजारात माल धाडता येतो. काही वर्षांच्या मुदतीत मात्र खर्चच राजा. भाव सतत ११ रुपयांच्या खाली राहिला, तर शेतकरी मका किंवा सोयाबीनकडे वळतात, आवक घटते आणि भाव वर येतो. ‘उत्पादन खर्चावर आधारित भाव’ ही मागणी आणि ‘भाव मागणी-पुरवठ्यावर ठरतो’ हे उत्तर, दोन्ही बरोबर आहेत. दोघे वेगवेगळ्या मुदतीबद्दल बोलत असतात, इतकेच.

थोडा तुटवडा, मोठी उडी

कांदा महागला म्हणून कोणी पोहे कांद्यावाचून फार दिवस खात नाही, आणि स्वस्त झाला म्हणून दुप्पटही घालत नाही. भाव बदलला तरी मागणी फारशी हलत नाही. अशा मागणीला अलवचीक म्हणतात. परिणाम असा, की पुरवठ्यातला लहानसा फरक पचवायला भावाला मोठी उडी घ्यावी लागते.

हे प्रथम आकड्यांत मांडले गेले ते सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या धान्याबद्दल. ग्रेगरी किंगच्या नावाने ओळखले जाणारे आणि चार्ल्स डॅव्हनंटने १६९९ मध्ये छापलेले ते कोष्टक सांगते: पीक एक दशांश घटले तर भाव तीन दशांशांनी वाढतो, दोन दशांश घटले तर आठ दशांशांनी, आणि निम्मे घटले तर साडेचार पटींची भर पडते. आता गुणाकार करून पाहा. शंभर पोती १० रुपयांनी विकली तर १,००० रुपये. नव्वद पोती १३ रुपयांनी विकली तर १,१७०. पीक कमी, पैसा जास्त! याच न्यायाने उदंड पीक आले की सगळ्यांचे मिळून उत्पन्न घटते. तरीही कोणी एकटा शेतकरी पीक कमी करत नाही. कारण त्याच्या एकट्याच्या गोण्यांनी बाजारभाव हलत नसतो.

निर्यातीवरून इतके रण का माजते, तेही यातूनच कळते. देशात वर्षाला सुमारे ३०० लाख टन कांदा होतो. २०२२-२३ मध्ये त्यातला सुमारे २५ लाख टन परदेशी गेला. आकडा जेमतेम आठ टक्क्यांचा. पण मागणी अलवचीक असताना तेवढा माल देशात अडकला, तर भाव आठ टक्क्यांनी पडत नाही. कितीतरी जास्त पडतो.

गेल्या वर्षीच्या भावावर यंदाची लागवड

शेतकरी लागवड करतो तेव्हा काढणीच्या वेळचा भाव कोणालाच ठाऊक नसतो. डोळ्यांसमोर असतो तो चालू भाव. भाव चढला की सगळेच कांदा लावतात. चार-पाच महिन्यांनी सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव कोसळतो. मग पुढच्या खेपेला क्षेत्र घटते आणि भाव पुन्हा उसळतो. आलेखावर ही रेघ गोलगोल फिरत राहते. १९३४ मध्ये निकोलस काल्डोर यांनी तिला कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले. डिसेंबर २०१९ मध्ये अनेक शहरांत कांदा शंभरीपार गेला आणि इजिप्त, तुर्कस्तानातून मागवावा लागला. २०२३ च्या सुरुवातीला तोच कांदा कवडीमोल झाला. अवकाळी पावसाने हे झोके मोठे केले, पण झोक्याची यंत्रणा बाजाराच्या आतच आहे.

चाळीतले गणित

झोके कमी करण्याचे एक साधन शेतकऱ्याच्या अंगणातच आहे: कांदा चाळ. खरिपाचा लाल कांदा फार टिकत नाही, तो लगेच विकावा लागतो. पण देशाच्या उत्पादनातला सुमारे ७० टक्के वाटा असलेला रब्बीचा उन्हाळ कांदा चार ते सहा महिने ठेवता येतो. पावसाळ्यात देश याच कांद्यावर जगतो.

ठेवावा का, हाही खर्चाचाच प्रश्न. समजा एप्रिलमध्ये भाव १२ रुपये आहे. सप्टेंबरपर्यंत सुकून, सडून आणि कोंब फुटून १०० किलोंचे ७० किलो उरतात. म्हणजे तेव्हा सुमारे १७ रुपये मिळाले, तरच एप्रिलमधले १२ रुपये हाती आले. चाळीचा खर्च, निवडीची मजुरी, अडकलेल्या पैशाचे व्याज धरले की आकडा विशीजवळ जातो. सप्टेंबरचा भाव विशीच्या वर जाईल अशी आशा असेल, तरच कांदा चाळीत शिरतो. चाळीत शिरलेला कांदा एप्रिलची आवक घटवून तेव्हाचा भाव सावरतो, आणि सप्टेंबरची आवक वाढवून गिऱ्हाइकाचाही खिसा सांभाळतो. साठवण करणाऱ्याला आपण सरसकट साठेबाज म्हणतो, पण त्याच्याशिवाय दोन्ही टोके जास्त तीव्र झाली असती.

ही नासाडी घटवण्यासाठी विज्ञानाची मदत होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला २००२ मध्ये ‘कृषक’ हे विकिरण केंद्र सुरू केले. कोबाल्ट-६० पासून निघणाऱ्या गॅमा किरणांची सौम्य मात्रा दिली, की कांद्याला कोंब फुटत नाहीत. मात्र सडणे आणि सुकणे किरणांनी थांबत नाही. त्यासाठी शीतगृह जोडीला लागते, आणि शीतगृहाचे भाडे पुन्हा त्या विशीच्या आकड्यात भर घालते.

मग सरकारचे काय? १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले. तेव्हा चाळी उन्हाळ कांद्याने भरलेल्या होत्या. ज्याने नासाडी सोसून माल ठेवला, नेमका त्याच्याच भावाला कात्री लागली. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली. ती उठली ४ मे २०२४ रोजी. २०१९ आणि २०२० मध्येही भाव चढल्यावर बंदी आली होती. दरवेळी हाच अनुभव आला, तर शेतकरी पुढच्या एप्रिलमध्ये काय शिकेल? ठेवून उपयोग नाही, विकून मोकळे व्हा. मग एप्रिलचा भाव आणखी पडेल आणि सप्टेंबरचा आणखी चढेल. ज्या महागाईच्या भीतीने बंदी आणली, तिलाच बंदीच्या सवयीने खतपाणी मिळते.

२०२३ च्या पडझडीनंतर राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत, अनुदान दिले. दिलासा म्हणून ते योग्यच होते. पण माल विकल्यावर जाहीर झालेली मदत विक्रीचा निर्णय बदलू शकत नाही. निर्णय बदलतात ते दोनच वेळी, लागवडीआधी आणि चाळ भरताना. निर्यातीचे धोरण वर्षभर बदलणार नाही, सरकारी राखीव साठ्याची खरेदी अमुक भावाने आणि अमुक टनांची होईल, हे त्या दोन वेळांच्या आधी सांगितले, तर शेतकऱ्याच्या हिशेबात धरता येईल असा एक आकडा तरी येईल. भाव जाहीर करून बाजार चालत नाही. पण नियम वेळेवर जाहीर करायला सरकारला फारसा खर्च येत नाही.