खाणकामगारांचा फुप्फुसरोग : वारसलाभ

दगडी कोळशाच्या खाणीतील धूळ फुप्फुसांत साठून होणाऱ्या न्यूमोकोनिओसिस या विकाराने मृत्यू पावलेल्या कामगाराच्या विधवेस व अन्य आश्रितांस मिळणारे मासिक अर्थसाहाय्य. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा रोग ‘ब्लॅक लंग’ (काळे फुप्फुस) या नावाने ओळखला जातो व तत्संबंधीच्या कायद्यासही तेच नाव पडले आहे.

अपघाती मृत्यूचे कारण सहसा उघड असते. धूलिरोग मात्र वर्षानुवर्षे सावकाश वाढतो, खाण सोडल्यानंतरही बळावू शकतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार वा न्यूमोनिया एवढीच नोंद होण्याचा संभव असतो. वेस्ट व्हर्जिनियातील फार्मिंग्टन येथे २० नोव्हेंबर १९६८ रोजी झालेल्या स्फोटात ७८ कामगार दगावले. पुढील फेब्रुवारीत त्या राज्यातील सुमारे ४०,००० खाणकामगारांनी या रोगाच्या भरपाईसाठी संप केला. डिसेंबर १९६९ मध्ये संघराज्याचा कायदा झाला.

या कायद्यातील खरा वाद रकमेपेक्षा पुराव्याच्या भाराचा आहे. १९७२ च्या दुरुस्तीने, भूमिगत खाणीत १५ वर्षे काम व श्वसनक्षमतेचे पूर्ण अपंगत्व दिसून आल्यास तो खाणीतील धुळीचाच परिणाम असे गृहीत धरण्यात आले. ते खोडून काढण्याची जबाबदारी विरुद्ध पक्षावर आली. केवळ क्ष-किरण चित्र निर्दोष आहे म्हणून दावा फेटाळण्यासही मनाई झाली. १९८१ च्या दुरुस्तीने १ जानेवारी १९८२ पासूनच्या दाव्यांपुरते हे गृहीत रद्द केले. पतीला हयातीत पूर्ण अपंग म्हणून लाभ मिळत असला, तरी त्याचा मृत्यू या रोगाने झाला वा लवकर ओढवला, हे विधवेस स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागू लागले. शवविच्छेदन झालेले नसल्यास हे फार अवघड. शिवाय वातस्फीतीचे खापर धूम्रपानावर फोडणारे तज्ञ कंपन्यांच्या बाजूने उभे राहत. रोग अतिप्रगत अवस्थेत पोहोचल्याचे निदान असेल, तर मात्र वारसाचा हक्क अबाधित होता.

१ जानेवारी २००५ नंतर दाखल झालेल्या व २३ मार्च २०१० रोजी वा त्यानंतर प्रलंबित असलेल्या दाव्यांसाठी २०१० च्या आरोग्यविषयक कायद्याने हे गृहीत आणि विधवेचा आपोआप मिळणारा हक्क, दोन्ही पुन्हा आणले.

जबाबदार खाणमालक न सापडल्यास कोळशावरील करातून चालणारा, १९७८ मध्ये सुरू झालेला निधी रक्कम देतो. विधवेबरोबर एक आश्रित अपत्य असल्यास मूळ रकमेत निम्म्याने वाढ होते. तीन वा अधिक असल्यास ती दुप्पट होते. विधवेने पुनर्विवाह केल्यास तिचा लाभ थांबतो.