शेततळ्यातील माशांचीही विरळणी करा

गेल्या मार्चमध्ये एका शेततळ्यावर गेलो होतो. प्लास्टिक अस्तर घातलेले, साधारण नऊ गुंठ्यांचे तळे. ऑगस्टमध्ये त्या शेतकऱ्याने तीन हजार बोटुकली सोडली होती आणि पेंड-कोंडाही नियमित टाकला होता. जाळे ओढले तर मासे भरपूर निघाले, पण वीतभरापेक्षा मोठा एकही नाही. व्यापारी न बोलता निघून गेला. "बीज खराब दिलं हो," असे शेतकऱ्याचे म्हणणे. बीज चांगले होते, पेरणी दाट झाली होती.

विरळणी न केलेल्या ज्वारीचे काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. ताटे बारीक राहतात, कणसे भरत नाहीत. तळ्याचेही तसेच आहे. तळे ठरावीक वजन पोसते. ते किती माशांत वाटायचे, हे तुम्ही ठरवता. समजा, तुमच्या तळ्याची ताकद 200 किलोंची आहे. तेवढ्यात 800 ग्रॅमचे 250 मासे होतील किंवा 100 ग्रॅमचे 2,000. वजन सारखेच, पण बाजारात 100 ग्रॅमच्या कटल्याला कोणी विचारत नाही.

संख्या कोणत्या पाण्यावर ठरवायची?

बहुतेकांची चूक इथे होते. भरलेले तळे पाहून संख्या ठरवली जाते. 30 बाय 30 मीटर आणि 3 मीटर खोल तळ्यात, एकास एक उतार धरला, तर सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. त्यातले दोन मीटर पाणी डाळिंबाला किंवा कांद्याला दिले की खाली उरते जेमतेम सव्वासहा लाख लिटर. म्हणजे जागा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी, आणि मासे मात्र तोवर कितीतरी पट वाढलेले. म्हणून हिशेब फेब्रुवारी-मार्चच्या पाण्यावर करा.

हेक्टरी 5,000 ते 10,000 बोटुकली अशी शिफारस असते. वरचा आकडा बारमाही पाणी आणि नियमित खाद्य असणाऱ्यांसाठी आहे. ओलितासाठी पाणी उपसणाऱ्याने वरील मापाच्या तळ्यात 450 ते 550 च्या पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. बोटुकली चार इंची घ्या. इंचभर जिरे स्वस्त पडतात, पण बगळे, साप आणि बेडूक त्यातले किती ठेवतील याचा नेम नसतो, आणि मग तळ्यात नक्की किती मासे आहेत हेच कळत नाही. विक्रेता वाटीने मोजून देत असेल, तर एक वाटी समोर मोजून घ्या.

पाचशेत 200 कटला, 150 रोहू आणि 150 मृगळ चालतील. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. अस्तराच्या तळ्यात तळाला चिखल नसतो, तिथे मृगळ 100 वर आणून रोहू 200 करा.

महिन्यातून एकदा वजन

फेकजाळ्याने 20-25 मासे धरा, पाण्याच्या बादलीत एकत्र वजन करा, सरासरी काढा आणि वहीत लिहून लगेच सोडून द्या. पाचशेतले चारशे जगले आणि सरासरी 250 ग्रॅम आली, तर तळ्यात 100 किलो मासे आहेत. रोज दोन टक्के म्हणजे दोन किलो खाद्य पुरे. भुईमूग पेंड आणि भाताचा कोंडा निम्मे-निम्मे. खाद्य वेळेवर देऊनही सलग दोन महिने सरासरी हलली नाही, तर दाटी झाली समजा. खाद्य वाढवून ती सुटत नाही. उरलेले खाद्य कुजते आणि पाणी बिघडते.

अस्तरावर पाय टिकत नाही. एकट्याने उतरू नका आणि काठाला घट्ट बांधलेला दोर आत सोडलेला असू द्या.

विरळणी कधी?

पाणी उतरायला लागायच्या आधी. साधारण जानेवारीपासून अर्धा-पाऊण किलोचे मासे निवडून काढा आणि विका. मागे राहिलेल्यांना जागा मिळते आणि ते झपाट्याने वाढतात. सगळे एकदम एप्रिलमध्ये काढायचे म्हटले, तर तोवर धोका तुमच्या डोक्यावर असतो.

तो धोका पहाटे दिसतो. मासे वर येऊन तोंडे उघडमिट करू लागले, तर पाण्यातला प्राणवायू संपत आला आहे. दिवसा प्राणवायू देणारे हिरवे शेवाळ रात्री तोच वापरते. ऊन चढल्यावर मासे खाली जातात आणि आपणही विसरतो. विसरू नका. त्या दिवशी खाद्य व शेण बंद ठेवा, मोटर लावून तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात पाडा आणि आठवडाभरात मोठे मासे काढा. ढगाळ हवा असेल तर रात्रीच मोटर तयार ठेवा.

न सोडलेले मासे

कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यामुळे त्यांची संख्या तुमच्या हातात राहते. चिलापीचे तसे नाही. दोन-तीन महिन्यांची मादी पिल्ले द्यायला लागते, ती तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा हेच करते. नदी-कालव्याचे पाणी उपसून तळे भरताना ती पाइपातून येते. पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणीचे दुहेरी कापड बांधा. फेकजाळ्यात आलेली चिलापी परत सोडू नका. ती खायला चांगली असते, घरी न्या. ती मारायला कीटकनाशक ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तेच पाणी पिकाला आणि जनावरांना जाते.

मे महिन्यात तळे पूर्ण रिकामे करून आठ-दहा दिवस कडक उन्हात तापू द्या. कोपऱ्यात एखादे डबके राहिले, तर त्यातली चिलापीची एक जोडी नवीन बीज यायच्या आत कामाला लागलेली असते.