दारू, वेग आणि सतरावे वर्ष

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने मोटारसायकलला धडक दिली. मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंते मरण पावले. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याआधी तो मित्रांबरोबर मद्य प्यायला होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन देताना ज्या अटी घातल्या, त्यांपैकी एक अट रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची होती. त्या आदेशावर देशभर टीका झाली आणि काही दिवसांतच तो बदलला गेला.

खटल्याचा निवाडा करणे न्यायालयांचे काम आहे. आपला तो विषय नाही. पण निबंधाचा विषय मात्र शिक्षकांचा आहे. समजा, आपल्याच वर्गातील एखाद्या मुलाला असा निबंध लिहायला सांगितला, तर तो काय लिहील? ‘दारू वाईट, वेग वाईट’ यापुढे त्याला चार वाक्ये लिहिता येतील का? ती येत नसतील तर दोष केवळ मुलाचा म्हणता येणार नाही. त्या निबंधात निदान काय असायला हवे, ते आपण या लेखात पाहू.

एका बाटलीचा हिशेब

दारूतील मादक द्रव्य म्हणजे इथिल अल्कोहोल. त्याचा रेणू लहान असतो आणि तो पाण्यात सहज मिसळतो. त्याला पचनाची गरज लागत नाही. थोडे जठरातून आणि बरेचसे लहान आतड्यातून ते सरळ रक्तात उतरते आणि शरीरात जिथे जिथे पाणी आहे तिथे तिथे पसरते. मेंदूत पाण्याचे प्रमाण भरपूर आणि रक्तपुरवठाही मोठा. त्यामुळे अल्कोहोल तिथे काही मिनिटांतच पोहोचते.

रक्तातील अल्कोहोलचा अंदाज बांधण्याची पद्धत स्वीडनचे शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी घालून दिली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे गणित आठवीच्या मुलालाही करता येईल. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ५ टक्के अल्कोहोल असलेली बिअर आहे असे समजू. त्यात ३२.५ मिलिलिटर अल्कोहोल झाले. अल्कोहोलची घनता पाण्याच्या सुमारे ०.७९ पट, म्हणजे वजन झाले जवळपास २६ ग्रॅम. पिणाऱ्या मुलाचे वजन ६० किलो असेल तर अल्कोहोल पसरायला त्याच्या शरीरात सुमारे ४१ किलो इतका वाव मिळतो. भागाकार केला की उत्तर येते दर किलोला ०.६३ ग्रॅम, म्हणजे ढोबळमानाने १०० मिलिलिटर रक्तात ६३ मिलिग्रॅम. पोटात अन्न असेल, बिअर सावकाश प्यायली असेल, तर प्रत्यक्षातील आकडा काहीसा कमी भरेल. मुलींच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्यामुळे तो बहुधा जास्त भरेल. आपल्या कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम. म्हणजे ‘एकच तर बाटली’ म्हणणारा मुलगा मर्यादेच्या दुप्पट ओझे घेऊन गाडीवर बसतो.

आता हे अल्कोहोल उतरते कसे ते पाहू. ते मुख्यतः यकृतात जळते. तिथल्या विकराची क्षमता ठराविक असते, त्यामुळे रक्तातील प्रमाण दर तासाला साधारण १५ मिलिग्रॅमनेच घटते. व्यक्तीनुसार यात थोडाफार फरक पडतो. लिंबूपाणी, कडक कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. प्यायलेला माणूस फार तर जागा होतो. वरील मुलाच्या रक्तातील अल्कोहोल संपूर्ण जायला चार तासांहून अधिक काळ लागेल.

हाच हिशेब उलटाही करता येतो. अपघातानंतर आठ तासांनी रक्ताचा नमुना घेतला, तर तेवढ्या वेळात सुमारे १२० मिलिग्रॅम, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या चौपट अल्कोहोल नाहीसे झालेले असते. तपासात वेळेला इतके महत्त्व का असते, हे यावरून कळेल. पुण्याच्या प्रकरणात तर रक्ताचा नमुनाच बदलला गेल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला आणि त्यासाठी डॉक्टरांना अटक झाली.

पोलीस फुंकर मारायला लावतात, त्यामागचे तत्त्वही सोपे आहे. फुप्फुसात रक्त आणि हवा यांची गाठ पडते आणि रक्तातील थोडे अल्कोहोल हवेत जाते. सुमारे २१०० मिलिलिटर उच्छ्वासात जेवढे अल्कोहोल असते, तेवढे १ मिलिलिटर रक्तात असते असे धरतात. १९५४ साली अमेरिकेतील रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी तयार केलेल्या यंत्रात ही हवा नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेटमधून जात असे. अल्कोहोलच्या ऑक्सिडीकरणात नारिंगी रंग फिका होई आणि तेवढ्यावरून प्रमाण कळे. हल्लीच्या यंत्रांत बहुधा विद्युतघट असतो.

पट्टीचा प्रयोग

वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहावा. ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरा. शून्याच्या खुणेपाशी विद्यार्थ्याने अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवावीत. न सांगता पट्टी सोडा आणि ती किती सेंटिमीटरवर पकडली गेली ते पाहा. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर मुलाने ०.२ सेकंद घेतले. आता त्याच मुलाला शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणायला सांगा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. बहुतेकांचा आकडा वाढतो, काहींच्या हातून पट्टी निसटते. दारूचा थेंबही न घेता, केवळ लक्ष विभागल्यामुळे हे होते. गाडी चालवताना तर लक्ष सतत विभागलेले असते: आरसा, खड्डा, सिग्नल, मागचा हॉर्न, रस्ता ओलांडणारी म्हातारी. आणि अल्कोहोल सर्वांत आधी घाला घालते ते अनेक गोष्टींवर एकाच वेळी लक्ष ठेवण्याच्या याच शक्तीवर.

प्रयोगात मुलाला आपण काय पकडायचे ते ठाऊक असते. रस्त्यावर ते ठाऊक नसते, म्हणून तिथे साधारण १ सेकंद धरावा लागतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. ब्रेक दाबण्याआधीच गाडी तेवढी पुढे जाते. ब्रेकने वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद या दराने घटतो असे धरले, तर आणखी २३ मीटर लागतात. एकूण झाले ४० मीटर. चालक प्यायलेला आहे आणि त्याला फक्त अर्धा सेकंद उशीर झाला असे समजू. आता ४८ मीटर लागतील. रस्त्यात ४२ मीटरवर एखादे मूल उभे असेल तर पहिला चालक त्याच्या अलीकडे थांबेल. दुसरा त्याच्यावर आदळेल, आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असेल. गणित अकरावीच्या गतिसमीकरणांचेच आहे. ते मुलांना स्वतः करू द्यावे. मग वेग ८० धरून पुन्हा करायला सांगावे. ब्रेक दाबल्यानंतर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात कसे वाढते, हे फळ्यावरच्या सूत्रापेक्षा अशा उदाहरणाने लवकर पटते.

दुचाकीवर आणखी एक गोष्ट आहे. तोल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कावरही अल्कोहोलचा परिणाम होतो, आणि दुचाकीला तोलाशिवाय दुसरा आधार नाही.

किशोरवय वेगळे का?

‘मोठी माणसेही पितात आणि गाडी चालवतात,’ असे मुले म्हणतात. त्यांना उत्तर द्यायला हवे. प्यायलेला प्रौढ चालकही धोकादायकच. पण रक्तात तेवढेच अल्कोहोल असताना किशोर चालकाचा जीवघेण्या अपघाताचा धोका प्रौढापेक्षा जास्त असतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. त्याची तीन कारणे सांगता येतात.

पहिले कारण अनुभवाचे. मुरलेल्या चालकाचे हातपाय बरेचसे काम सवयीने करतात. शिकाऊ मुलाला प्रत्येक गोष्ट लक्ष देऊन करावी लागते, आणि लक्षच तर दारू हिरावून घेते.

दुसरे कारण मेंदूच्या वाढीचे. परिणामांचा विचार करून स्वतःला आवर घालण्याचे काम कपाळामागचा मेंदूचा भाग करतो. त्याची वाढ विशीनंतरही काही वर्षे चालू राहते. थरार आणि बक्षीस यांना प्रतिसाद देणारे भाग मात्र त्याच्या आधीच जोरात आलेले असतात. त्यात मित्र बरोबर असले की भर पडते. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरील मोटारीच्या खेळात किशोरांनी एकटे असतानापेक्षा मित्रांसमोर बराच जास्त धोका पत्करला; प्रौढांमध्ये असा फरक जवळजवळ दिसला नाही. त्या प्रयोगात कोणीही प्यायलेले नव्हते.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुलांना दारू पाजून प्रयोग करणे अनैतिक आहे, म्हणून असे प्रयोग उंदरांवर झाले. अमेरिकेतील लिंडा स्पिअर यांनी दाखवून दिले की, पौगंडावस्थेतील उंदरांना अल्कोहोलमुळे येणारी गुंगी आणि तोल जाणे प्रौढ उंदरांपेक्षा कमी जाणवते. स्मरणशक्तीवरील परिणाम मात्र जास्त होतो. माणसांतही असेच होत असेल, तर ‘आता पुरे’ अशी सूचना देणारी शरीराची घंटा या वयात उशिरा वाजते. ‘मला काहीच चढलेली नाही’ असे म्हणणारा मुलगा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटते, आणि धोका तिथेच आहे.

अमेरिकेचा अनुभव

कायद्याने काही फरक पडतो का? १९७१ साली अमेरिकेत मतदानाचे वय १८ झाले आणि त्या सुमारास अनेक राज्यांनी मद्यपानाचे किमान वयही २१ वरून खाली आणले. त्या राज्यांत तरुण चालकांचे अपघात वाढल्याचे दिसले. १९८४ साली तिथल्या संसदेने कायदा केला की, जे राज्य हे वय २१ करणार नाही त्याच्या महामार्ग निधीला कात्री लागेल. १९८८ पर्यंत सर्व राज्ये २१ वर आली. पुढे १९९८ पर्यंत प्रत्येक राज्याने २१ वर्षांखालील चालकांसाठी मर्यादा १०० मिलिलिटरला २० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी केली. मद्यपानाच्या वयाच्या या कायद्यांनी १९७५ पासूनच्या चार दशकांत सुमारे ३० हजार जीव वाचले, असा तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा अंदाज आहे. किशोरांचे पिणे तिथे थांबले असे नाही; पण पिऊन गाडी चालवणे कमी झाले.

आपला कायदा

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवान्याचे वय १८ आहे. ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी ते १६ आहे. महाराष्ट्रात मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, सौम्य बिअरसाठी २१. म्हणजे सतराव्या वर्षी पिऊन मोटार चालवणारा मुलगा दोन्ही मर्यादा ओलांडतो. कलम १८५ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ तर पालकसभेत वाचून दाखवावे असे आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. आपल्या नकळत हे घडले, हे त्यालाच सिद्ध करावे लागते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. विमा कंपनीने मृताच्या कुटुंबाला भरपाई दिली, तरी ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालये देत आली आहेत.

शाळेने काय करावे?

आमच्या मते धाक घालण्यापेक्षा हिशेब करायला लावणे बरे. बाटलीचे आणि थांबण्याच्या अंतराचे, अशी दोन गणिते मुलांनी स्वतः केली तर ती त्यांची होतात. बारावीचा निकाल, गॅदरिंग, ३१ डिसेंबर यांच्या आधीचा एखादा तास त्यासाठी ठेवता येईल.

पालकसभेत दोन गोष्टी सांगाव्यात. गाडीची किल्ली अठरा वर्षांखालील मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. क्लासला जायला उशीर होतो हे कारण पुरेसे नाही. आणि मुलाला घरातून एक शब्द मिळालेला असावा: ‘रात्री कितीही वाजले असोत, तू प्यायला असशील किंवा गाडी चालवणारा प्यायला असेल, तर फोन कर. आम्ही न्यायला येऊ. बोलायचे ते सकाळी बोलू.’ अनेक मुले गाडी चालवतात ती धाडसापोटी नव्हे. घरी कळेल या भीतीपोटी चालवतात. ही भीती तेवढ्या एका रात्रीपुरती दूर करणे पालकांच्या हातात आहे, आणि ते त्यांना सांगणे आपल्या हातात.